काटा पायात, नजर कुठे?

मंडळी, मघाशी पडद्यावर राजा रविवर्मा यांची शकुंतला आली, १८९८ सालची, तेव्हा मागच्या रांगेतल्या एक आजी पटकन म्हणाल्या, "पायात काटा मोडलाय, तर ही बघतेय कुठं?" आम्ही तासभर बोलून जे सांगणार होतो, ते आजींनी एका वाक्यात सांगून टाकलं.

कशेळ्याच्या रानात करवंदीचा काटा पायात मोडला की माणूस काय करतो? खाली बसतो, तळवा उलटा करून बघतो. शकुंतलेनं पाय उचललाय, सखीच्या खांद्यावर हात ठेवलाय, पण पायाकडे तिचं लक्षच नाही. मान मागं वळलेली. दुष्यंत चित्रात नाहीच, तो चौकटीबाहेर आहे. कालिदासाकडे काटा नाही, दर्भाचं टोक आहे, आणि तेही निमित्तच.

आता 'काटा म्हणजे प्रेमाची वेदना' असा अर्थ बरेच जण लावतात. आम्हांला तो पटत नाही. काटा इथं प्रेम दाखवत नाही, लपवतो. आणि लपवणं नीट जमत नाही म्हणून प्रेम दिसतं. भरतानं तेहतीस व्यभिचारी भाव मोजले, त्यांत एक अवहित्था: मनातलं झाकण्याची धडपड. या चित्राचा भाव तोच. विरह नव्हे. पुढं दुर्वासाचा शाप आहे हे ठाऊक असल्यानं काही जणांना यात आधीच उदासी दिसते. पण चौथ्या अंकाचं ओझं पहिल्या अंकातल्या पोरीवर कशाला?

रविवर्म्यांची पात्रं नाटकी वाटतात, असा आक्षेप जुना आहे. बऱ्याच चित्रांबाबत तो आम्हीही मान्य करू. इथं मात्र ती बाई खरोखरच नाटक करतेय! उभं राहण्याची ती जरा जास्तच देखणी ढब इथं शोभते.

त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढं मळवलीला गेला. म्हणजे आपल्या कर्जतहून बोरघाट चढायचा, लोणावळा ओलांडायचा, की आलंच. तिथली छापील चित्रं घराघरांत लागली, शाकुंतल न वाचलेल्यांच्याही. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं की कथा माहीत असल्याशिवाय चित्राचा भाव कळत नाही. आजींनी कालिदास वाचलेला नाही. आम्ही विचारून घेतलं. त्यांना नाव कळलं नसेल, शाप कळला नसेल, पण पोरगी खोटं बोलतेय हे कळलं.

आजी, तुम्ही पुढं या. पुढच्या चित्रालाही तुम्हीच सुरुवात करा.