हॅमस्टरची कूस आणि माणसाचा गाल

मुरूम का येतात, असे नववी-दहावीच्या वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते. वयात येताना पुरुष संप्रेरके वाढतात, त्वचेतील तैलग्रंथी मोठ्या होतात, तेल साचते आणि मुरूम उठतो. उत्तर चूक नाही. पण त्याच्या पाठीशी 'प्राण्यांवरील प्रयोगांनी हे सिद्ध झाले आहे' हे वाक्य उभे केले जाते, त्याला आमचा आक्षेप आहे.

मुळात घडले ते उलट क्रमाने. वयात येण्यापूर्वीच ज्यांच्या वृषणांचे कार्य थांबले आहे अशा पुरुषांना मुरूम येत नाहीत, आणि टेस्टोस्टेरॉन दिले की त्यांनाही येऊ शकतात, हे अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४१ साली माणसांतच दाखवले. हॅमस्टरकडे ते नंतर वळले. विल्यम माँटॅग्ना यांच्यासह त्या प्राण्याच्या तैलग्रंथींवर त्यांनी लिहिलेला निबंध १९५० सालचा आहे.

सोनेरी हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर एकेक काळसर ठिपका असतो. हा तैलग्रंथींचा पुंजका होय. नरात तो मोठा, मादीत लहान. नराचे वृषण काढले की तो आक्रसतो. टेस्टोस्टेरॉन दिले की पुन्हा वाढतो, मादीतसुद्धा. आता संप्रेरकाला रोखणारे एखादे औषध तपासायचे आहे असे समजा. ते एकाच कुशीवर चोळायचे, दुसरी तशीच सोडायची. औषधाची बाजू तेवढी आक्रसली तर औषध त्वचेपुरते राहिले. दोन्ही आक्रसल्या तर ते रक्तात उतरले असावे. वय, आहार, रक्तातील संप्रेरके दोन्ही बाजूंना सारखीच, कारण प्राणी एकच! तुलनेचा प्रयोग कसा रचावा हे विद्यार्थ्यांना सांगायला इतके नेटके उदाहरण आम्हाला तरी दुसरे ठाऊक नाही.

अडचण येथून पुढे सुरू होते. या प्रयोगात मोजला जातो तो ठिपक्याचा आकार. मुरूम मोजला जात नाही, कारण हॅमस्टरला आपल्यासारखे मुरूम येतच नाहीत. त्याचा ठिपका आपल्या वावराच्या जागी गंधाच्या खुणा ठेवण्याच्या कामाचा. माणसाच्या गालावर मुरूम उठायला नुसते तेल पुरत नाही. केसाच्या मुळाचे तोंड बुजावे लागते, तेथील जंतूंचा आणि दाहाचाही त्यात वाटा असतो. शिवाय आपले तेलही निराळे. त्यात स्क्वालीन भरपूर असते, आणि सॅपिएनिक आम्ल तर इतके खास मानवी की त्याचे नावच आपल्या जातीवरून पडले आहे.

आकार आणि आजार यांतले अंतर किती, याचा एक दाखला पाहू. टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराचे दोन मुख्य प्रकार आहेत. माणसाच्या तैलग्रंथींत पहिल्या प्रकाराचे प्राबल्य असते. दुसरा प्रकार जन्मतः निकामी असलेल्या पुरुषांत तेल इतरांइतकेच स्रवते, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. उलट, पुरुष संप्रेरकांना शरीर मुळीच प्रतिसाद देत नाही अशा व्यक्तींत ते जवळजवळ नव्हतेच. तेव्हा पहिला प्रकार रोखला की तेल घटेल आणि मुरूम जातील, हे अनुमान कोणालाही सुचावे. तशी गोळी तयार झाली, माणसांवर तपासली गेली. २००४ साली निष्कर्ष छापून आला : मुरूमांवर गोळी निष्प्रभ. कागदावर साखळीची प्रत्येक कडी ठीक दिसत होती!

म्हणून हॅमस्टर निरुपयोगी, असे आम्ही म्हणत नाही. प्रयोग संपल्यावर बहुधा प्राणी मारून तो ठिपका कापून तपासतात. एवढी किंमत मोजायची तर ज्याचे उत्तर तो प्राणी देऊ शकतो तेवढेच त्याला विचारावे. क्लॅस्कोटेरोन या मलमाच्या बाबतीत तसे झाले. औषध त्वचेवर पुरुष संप्रेरकाला रोखते का, हा प्रश्न हॅमस्टरच्या कुशीला विचारला गेला, आणि उत्तर होकारार्थी आले. मुरूमांचे उत्तर मात्र १,४०० हून अधिक माणसांच्या चेहऱ्यांवरून घेतले गेले आणि मग २०२० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. बारा आठवड्यांनंतर ठरवलेल्या कसोटीला उतरले ते मलम लावणाऱ्यांपैकी सुमारे पाचांत एक; औषधाविना तसेच मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा सात ते नऊ होते. वर्गातल्या एखाद्या मुलीने मलमाची जाहिरात पुढे केली, तर तिला हाच आकडा शोधायला सांगावा. कुशीवरच्या ठिपक्यात तो सापडणार नाही.