खोडणाऱ्याची बाजू : ग्राफिटीवरचे तीन चित्रपट

आजचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन करून विचारलं, "सर, तुम्ही आणि ग्राफिटी?" प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर ज्या फळ्यावर लिहिलं तो कॉलेजचा होता, आणि तास संपला की पुसायचा, हे मान्य करूनच लिहिलं. ग्राफिटीवाला न विचारता दुसऱ्याच्या भिंतीवर लिहितो, आणि ते कुणी पुसलं की त्याला राग येतो. हा पेच नीतिशास्त्राचा आहे. म्हणून मी इथे उभा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ग्राफिटीवरचा चित्रपट चित्रकारावर किती प्रेम करतो, यावरून मी त्याची किंमत करत नाही. ज्याला ते चित्र नको आहे, जो ते पुसतो, त्याला तो चित्रपट किती जागा देतो, हे मी बघतो.

पहिलं उदाहरण 'स्टाइल वॉर्स', १९८३ सालचा माहितीपट. दिग्दर्शक टोनी सिल्व्हर. त्याच्याबरोबर निर्माता होता हेन्री चाल्फंट. हा मूळचा शिल्पकार, पण न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या रंगवलेल्या डब्यांचे फोटो काढण्याचा त्याला ध्यास होता. ही मुलं स्वतःला चित्रकार म्हणवत नाहीत, 'रायटर' म्हणवतात. म्हणजे लिहिणारे. आणि लिहायचं काय? तर स्वतःचं नाव. रात्री यार्डात शिरायचं, अख्खा डबा रंगवायचा, आणि सकाळी ते नाव शहरभर फिरताना बघायचं.

आता यातला स्वयंपाकघरातला प्रसंग बघा. स्कीम नावाचा मुलगा आणि त्याची आई. आईचा प्रश्न साधा आहे: हे सगळं कशासाठी? मुलगा सांगतो की हे माझ्यासाठी आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांसाठी आहे, बाकीच्यांशी आम्हाला कर्तव्य नाही. आईचा चेहरा बघण्यासारखा आहे. कारण डब्यात रोज बसणारे ते बाकीचेच! माझ्या मते त्या चित्रपटातली सगळ्यात चांगली समीक्षक ही आई आहे. दिग्दर्शकानं तिला हास्यास्पद केलेलं नाही आणि मुलालाही दुष्ट ठरवलेलं नाही. महापौर एड कॉच बोलतात, पोलीस बोलतात, डबे रसायनानं धुतले जातात तेही दिसतं. सगळ्यांना आपापली बाजू मांडायला पुरेसा वेळ मिळतो.

पण खरा कळीचा माणूस पुढेच आहे. त्याचं नाव कॅप. हाही लिहिणाराच, पण इतरांनी रात्रभर खपून केलेल्या कामावर हा आपलं नाव फासतो. मग बाकीची मुलं खवळतात: आमची मेहनत याने नासवली! थांबा जरा. रेल्वे खातं तरी दुसरं काय म्हणत होतं? कांट म्हणतो, तुझ्या कृतीमागचा नियम सगळ्यांनी पाळला तर तुला चालेल का, हे आधी तपास. जागा दिसली की न विचारता लिहावं, हा नियम कॅपनं मनापासून पाळला, आणि नियम घालून देणाऱ्यांनाच तो सोसवेना. मी वर्गात कांट शिकवताना इतकं नेमकं उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं.

दुसरा चित्रपट २०१०चा, बँक्सीचा 'एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप'. थिएरी गेटा हा लॉस एंजेलिसमधला फ्रेंच माणूस कॅमेरा घेऊन भिंती रंगवणाऱ्यांच्या मागे हिंडतो. टेपा खोक्यांत साचत जातात, त्या बघायला त्याला सवड नाही. मग एक दिवस तो स्वतःच कलाकार होतो, 'मिस्टर ब्रेनवॉश' हे नाव घेतो, आणि २००८ साली मोठं प्रदर्शन भरवतो. माल धडाधड खपतो. हे सगळं खरं की बँक्सीनं रचलेलं, यावर अजून वाद आहे. मला तो वाद गौण वाटतो. चित्रपट हुशार आहे, मीही खूप हसलो. पण यात भिंतीचा मालक कुठे आहे? सुरक्षारक्षक येतात ते पाठलागाची गंमत वाढवायला. उरतो फक्त खरेदीदार, आणि त्याची टिंगल करणं सोपं आहे. प्रश्न 'ही भिंत कुणाची' असा होता, तो 'हा माल अस्सल का' असा होऊन बसतो. ही सरशी बाजाराची आहे, आणि बाजाराची थट्टा करणारा चित्रपटही ती रोखू शकत नाही.

तिसरा अगदी छोटा, सात-साडेसात मिनिटांचा: ब्लू या इटालियन कलाकाराचा 'मूटो', २००८. ब्यूनस आयर्स आणि बाडेन इथल्या भिंतींवर त्यानं एक आकृती काढायची, फोटो घ्यायचा, ती पुसून शेजारी पुढची काढायची, असं करत आकृती चालती केली. इथे पुसल्याशिवाय चित्र हलतच नाही. मागे भिंतीवर पांढऱ्या रंगाचा माग राहतो. आपल्याकडे रांगोळीही पुसली जाण्यासाठीच असते. पण ती आपण आपल्या दारात काढतो, हा फरक विसरू नका. ब्लूनं भिंतीचा प्रश्न सोडवलेला नाही. त्यानं एवढंच केलं की खोडण्याचं काम दुसऱ्यावर न ढकलता स्वतःकडे घेतलं.

आणि ते नुसतं तंत्र नव्हतं. २०१६ साली बोलोन्यात रस्त्यावरची चित्रं भिंतींवरून काढून प्रदर्शनात मांडायचं ठरलं, तेव्हा ब्लूनं त्या शहरातली स्वतःची वीस वर्षांची चित्रं करड्या रंगाखाली गाडली. मला हे पटलं का? अर्धवट. ज्या लोकांनी ती चित्रं रोज येता-जाता पाहिली होती, त्यांना कुणी विचारलं? चित्र काढताना विचारलं नव्हतं, पुसतानाही नाही. स्कीमच्या आईचा प्रश्न तिथेही उभा आहे.

आज असे व्हिडिओ मोबाइलवर रोज येतात. चित्र भराभर पूर्ण होतं, संगीत वाजतं, आपण अंगठा दाबतो. यापुढे एक करा: त्या भिंतीमागे कोण राहतं, हे व्हिडिओ दाखवतो का, तेवढं बघा. नसेल दाखवत, तर ती जाहिरात समजा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.