शाबासकीचा मजकूर

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात मारल्या गेलेल्या ९ हल्लेखोरांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिली. या नकारावर अमेरिकी स्तंभलेखक थॉमस फ्रीडमन यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला आणि भारतीय मुसलमानांची तोंड भरून तारीफ केली. तो लेख आम्ही उशिरा, शिक्षक झाल्यावर वाचला. वाचताना बेंबळीतले एक हॉटेल आठवले.

त्या नोव्हेंबरात आम्ही शिकत होतो. हॉटेलातल्या टीव्हीसमोर ओळखीच्या एका गृहस्थांनी विचारले, “तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे यावर?” पुढे नकाराची बातमी आली तेव्हा त्यांनीच पाठ थोपटून चहा पाजला. चहा काही घशाखाली उतरेना. सीएसटीवर मेलेल्यांत मुसलमानही होते. त्यांच्याबद्दल आमच्याशी कोणी दोन शब्द बोलले नव्हते.

फ्रीडमन यांचा लेख द्वेषाचा नाही, हे मान्य केले पाहिजे. लोकशाहीत वाढल्यामुळे इथला मुसलमान असे वागू शकला, हे त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. पण त्यांना मुसलमान दिसतो तो परीक्षेला बसलेला. पास झाला म्हणून कौतुक! आम्ही पेपर तपासतो. तपासणाऱ्याची खुर्ची किती उंच असते ते आम्हाला ठाऊक आहे. शिवाय दफन म्हणजे आपल्याकडे फर्जे-किफाया. ते नाकारताना माणसाच्या मनात केवढी कालवाकालव होत असेल! लेखाचा खरा विषय तिथे होता, आणि तिथेच लेख पोहोचत नाही.

मात्र आपलेही लिखाण तपासायला हवे. आपल्या कविता-लेखांतले ‘पाश्चात्त्य’ म्हणजे बहुतेक वेळा बुश आणि बॉम्ब. १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराक युद्धाविरुद्ध लंडनच्या रस्त्यांवर लाखो माणसे उतरली, त्यांतली बहुसंख्य मुसलमान नव्हती. थंडीत चालणाऱ्या त्या बायाबापड्यांवर आपण एखादी कथा लिहिली का? आम्ही तरी नाही लिहिली.

ती ९ प्रेते सरकारने जानेवारी २०१० मध्ये गुपचूप पुरली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी एप्रिलात विधिमंडळात ते जाहीर केले, जागा मात्र सांगितली नाही. तेव्हा बेंबळीच्या त्या हॉटेलात टीव्हीवर आयपीएल चालू होते.