अंश आहे, छेद कुठे आहे? गुदाशयाचा कॅन्सर आणि 'दुर्मिळ' केस रिपोर्ट

पबमेडवर गुदाशयाचा कॅन्सर आणि 'दुर्मिळ मेटास्टॅसिस' असं टाकून बघा. हिरडी, जबडा, थायरॉइड, वृषण, शिश्न, स्तन, मांडीचा स्नायू, डोळ्यातला कोरॉइड, डोक्याची त्वचा... अख्ख्या शरीराचा नकाशाच समोर येतो. बहुतेक पेपर एकाच रुग्णाचे असतात. शेवटी आधी छापून आलेल्या तशाच रुग्णांचा तक्ता, आणि निष्कर्षात 'डॉक्टरांनी ही शक्यता लक्षात ठेवावी'. एमडी-एमएस करणाऱ्या कितीतरी जणांचा पहिला पेपर हाच असतो. तुमचाही असू शकेल, म्हणून या प्रकाराशी माझं भांडण नेमकं कशावरून आहे ते आज सांगतो.

आधी 'नेहमीचं' काय ते बघू. गुदाशयाच्या वरच्या भागातलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. खालच्या भागातलं रक्त मात्र इंटर्नल इलियाक शिरांमधून इन्फीरियर व्हेना कॅव्हात आणि हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात पोहोचतं. त्यामुळे खालच्या गुदाशयाचा कॅन्सर यकृताला वळसा घालून फुप्फुसात जाऊ शकतो, आणि कोलनच्या कॅन्सरपेक्षा तो तिथे जास्त वेळा सापडतो. जबड्यात गाठ व्हायची तर पेशींना यातल्या गाळण्या पार कराव्या लागतात.

मग रुग्णाच्या जबड्यात गाठ आहे, यकृत आणि फुप्फुस स्वच्छ दिसतंय, तर लेखक काय करतात? बॅटसनला बोलावतात. ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने 1940 मध्ये दाखवलं की मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. खोकताना किंवा जोर करताना पोटातला दाब वाढला की रक्त या आडवाटेनं वर सरकू शकतं. निरीक्षण सुंदर आहे, पण केस रिपोर्टमध्ये त्याचा वापर सर्व रोगांवर एकच काढा असा होतो. त्या विशिष्ट रुग्णात पेशी त्याच वाटेनं गेल्या याचा पुरावा कोणीच देत नाही, देऊही शकत नाही. फुप्फुस स्कॅनवर स्वच्छ दिसलं म्हणजे तिथे सूक्ष्म गाठी नाहीत असंही होत नाही. 'असं घडू शकतं' आणि 'असं घडलं' यांतलं अंतर या परिच्छेदात गुपचूप मिटवलेलं असतं. पेपर वाचताना तिथे पेन्सिलनं खूण करायची सवय लावा.

स्टीफन पॅजेटचं नाव या पेपरांत हमखास येतं. बी आणि जमीन, म्हणजे पेशी सगळीकडे पोहोचतात पण योग्य जमिनीतच रुजतात. 1889 चा त्याचा लेख मुळातून वाचाल तर वेगळंच काही लक्षात येईल: त्याने मोजणी केली होती. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 रुग्णांपैकी 241 जणांच्या यकृतात गाठी होत्या, प्लीहेत फक्त 17 जणांच्या. प्लीहेला भरपूर रक्त मिळतं, तरी हा फरक का? प्रश्नाला वजन आलं ते 735 या छेदामुळे. पॅजेटचा दाखला देणाऱ्या केस रिपोर्टमध्ये नेमका तोच छेद गायब असतो. 'जगात आतापर्यंत बारा रुग्ण' याचा अर्थ बारा जणांबद्दल कोणीतरी लिहिलं, इतकाच.

मोठी नोंदणी घेतली की प्रश्न सुटतो का? अर्धवट. नेदरलँड्समध्ये 1991 ते 2010 या काळातल्या, शवविच्छेदन झालेल्या 5817 कोलोरेक्टल रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी 1675 जणांमध्ये मेटास्टॅसिस होता. पेशींचा प्रकार बदलला की पसरण्याची दिशाही बदलते हे त्यातून नीट दिसलं, विशेषतः सिग्नेट रिंग प्रकारात. आपल्याकडे याला महत्त्व आहे, कारण टाटा मेमोरिअलच्या रुग्णमालिकेत या प्रकाराचं प्रमाण पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा बरंच जास्त आणि रुग्ण तरुण आढळले. पण आता विचार करा, नेहमीच्या शवविच्छेदनात जबडा कोण उघडतं? डोळा? मांडीचा स्नायू? 'दुर्मिळ' या शब्दात 'कधी शोधलंच नाही' हेही मिसळलेलं असतं.

पुढची अडचण निदानाची. हा खरंच मेटास्टॅसिस आहे, की दुसराच स्वतंत्र कॅन्सर? सीके20 आणि सीडीएक्स2 पॉझिटिव्ह, सीके7 निगेटिव्ह, झालं, गुदाशयातूनच आला! थायरॉइडमध्ये हे बऱ्यापैकी चालून जातं. मूत्राशयात मात्र फसायला होतं, कारण मूत्राशयातच सुरू झालेला आतड्यासारखा अडेनोकार्सिनोमा हेच मार्कर दाखवू शकतो. अशा वेळी दोन्ही गाठींची स्लाइड शेजारी ठेवून तुलना केली का, हे आधी बघा. त्याचा उल्लेखच नसेल तर शीर्षकातला 'पहिला' हा शब्द बिनबुडाचा समजा.

हे सगळं शास्त्रीय चुळबूळ म्हणून सोडून देता आलं असतं. पण तक्त्याखालचं एक वाक्य मला खरोखर खटकतं: 'गाठ शस्त्रक्रियेनं काढल्यास आयुष्य वाढते.' तक्त्यात कोण आलं? ज्यांची गाठ एकटी होती, तब्येत शस्त्रक्रिया सोसण्याइतकी बरी होती, आणि जे लिहून होईपर्यंत जगले. दोन महिन्यांत दगावलेल्या रुग्णाबद्दल पेपर लिहायला कोण बसतं? हे वाक्य वाचून उद्या कोणाच्या तरी घरचे कर्ज काढून ऑपरेशनला तयार होणार असतात.

म्हणून केस रिपोर्ट टाकाऊ आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. 1994 मध्ये लॅन्सेटमध्ये एक छोटीशी नोंद आली: दुर्बिणीतून कोलनचं ऑपरेशन झालेल्या 14 रुग्णांपैकी तिघांच्या पोटावरच्या छिद्राच्या जागी कॅन्सरची गाठ आली. सर्जन हादरले. छेद लहान होता, पण निदान सांगितलेला होता, त्यामुळे दावा तपासता आला. 2004 मध्ये 872 रुग्णांची अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली, आणि जखमेत गाठ येण्याचं प्रमाण उघड्या आणि दुर्बिणीच्या दोन्ही ऑपरेशनांत 1 टक्क्यापेक्षा कमी निघालं. आधीच्या नोंदीने घंटा वाजवली, चाचणीने उत्तर दिलं.

भगंदरातल्या गाठींचे रिपोर्टही मला आवडतात. वर गुदाशयात कॅन्सर, खाली जुन्या भगंदरात तशाच पेशींची गाठ, मधला भाग निरोगी. इथे वरून गळलेल्या पेशी खाली जखमेत रुजल्या हा तर्क पटतो, बॅटसनची गरज पडत नाही. आणि कामाची गोष्ट हातात येते: भरत नसलेल्या भगंदराचा तुकडा तपासायला पाठवा, आणि वर दुर्बीण घालून बघा. आपल्याकडे रक्त पडलं की वर्ष-वर्ष मूळव्याध म्हणून मलम लावत बसणारे रुग्ण कमी नाहीत, त्यांच्यासाठी हे वाक्य सोन्याचं आहे.

तुमच्या हातात अशी केस आली तर 2013 ची केअर चेकलिस्ट समोर ठेवाच, पण त्याआधी पॅथॉलॉजी विभागाच्या रजिस्टरकडे जा. गेल्या दहा वर्षांत गुदाशयाच्या कॅन्सरचे किती रुग्ण आले, त्यातल्या किती जणांची त्वचेची किंवा हाडाची बायोप्सी झाली, किती पॉझिटिव्ह आल्या, हे मोजा. दोन-तीन आठवडे धूळ खावी लागेल, आणि ज्यांची बायोप्सी झालीच नाही ते या मोजणीतही सुटतील. तेवढं पेपरात लिहून टाका.