निळा रंग गेला, पण पाणी शुद्ध झाले का?

प्रकाश आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण यांच्या मदतीने सांडपाणी शुद्ध करण्यावर शोधनिबंधांचा पूर आला आहे. त्यांतले चित्र बहुधा ठरलेले असते : एका परीक्षानळीत मिथिलिन ब्लूचे गडद निळे द्रावण, शेजारच्या नळीत नितळ पाणी. खाली लिहिलेले असते, 'प्रदूषक नष्ट झाले.' आमचा आक्षेप आहे तो या 'नष्ट' शब्दाला.

मूळ कल्पना भक्कम आहे. १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी याच भुकटीने पाण्यातील सायनाइडचे ऑक्सिडीकरण करून दाखवले. प्रकाश पडला की कणातला इलेक्ट्रॉन उसळतो, मागे धनप्रभारित 'छिद्र' उरते. त्यातून हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात आणि ती सेंद्रिय रेणू तोडत जातात.

मग रंगाबद्दल तक्रार का? 'निळी बाटली' हा प्रयोग आठवा. ग्लुकोज, सोडियम हायड्रॉक्साइड आणि मिथिलिन ब्लू यांचे द्रावण स्थिर ठेवले की रंगहीन होते. बाटली हलवली की हवेतला ऑक्सिजन मिसळून पुन्हा निळे! रंग गेला तेव्हा रेणू गेला नव्हता, त्याचे केवळ क्षपण झाले होते. शिवाय काही रंग कणांच्या पृष्ठभागाला नुसता चिकटतो. म्हणून एक नळी अंधारात ठेवून तुलना करायलाच हवी.

याहून फसवी गोष्ट वेगळीच आहे. मिथिलिन ब्लू स्वतः तांबडा प्रकाश शोषून आपला इलेक्ट्रॉन कणाला देऊ शकतो. मग दृश्य प्रकाशात कणच काम करत आहेत, असे वाटते. प्रत्यक्षात या ऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज रूपाला सुमारे ३८७ नॅनोमीटरहून आखूड लहरी लागतात, आणि सूर्यप्रकाशात अतिनील किरण जेमतेम ४-५ टक्के!

पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, हे मोजणे ही खरी कसोटी. तो रंगापेक्षा पुष्कळ सावकाश घटतो. मधल्या टप्प्यावरचे तुकडे कधीकधी मूळ रेणूहून विषारी असतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. रंगावरच विसंबले, तर असे पाणी 'स्वच्छ' म्हणून खुशाल ओढ्यात सोडले जाईल.

बहुतेक प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात होतात, हेही विसरू नये. कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या गढूळ पाण्यात प्रकाश खोल शिरत नाही. त्यातले क्षार मूलके गिळतात. आणि काम झाल्यावर ते सूक्ष्म कण पाण्यातून गाळायचे कसे? काचेवर बसवले तर पळून जात नाहीत, पण पाण्याला मिळणारा पृष्ठभाग घटतो. यावर किती निबंध निघतात, ते पाहावे.