लेसरला रंग दिसतो, दाब दिसत नाही

पुस्तकाचे परीक्षण करावे तसे जाहिरातीच्या पत्रकाचेही करावे, असे आम्हाला अलीकडे वाटू लागले आहे. त्याला कारण माहूरच्या एका शिक्षिकाबाई. वर्गात उभे राहून त्यांची पंचवीस वर्षे गेली. पोटरीवर निळ्या शिरांचे जाळे दिसू लागले, तेव्हा एका मोठ्या शहरातले गुळगुळीत, रंगीत पत्रक त्यांच्या हाती पडले. 'एकदाच, कायमचे आणि वेदनेशिवाय' असा त्याचा सूर होता. बाईंनी तीन वेळा प्रवास केला, साठवलेले पैसे खर्च केले. काही महिन्यांत जाळे पुन्हा दिसू लागले, आणि भरीला तपकिरी डाग आले. "माझं काय चुकलं?" असे त्यांनी आम्हाला विचारले. आमच्या मते चूक बाईंची नव्हती, पत्रकातल्या विज्ञानाची होती. म्हणून हे परीक्षण.

प्रथम लेसर काय करते ते पाहू. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक सुंदर कल्पना मांडली. रक्तातले हिमोग्लोबिन ज्या तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषते, तो प्रकाश क्षणभरच टाकायचा. रक्तवाहिनी तापते, तिची भिंत भाजते आणि ती बंद होते. उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच प्रकाश थांबलेला असतो. चेहऱ्यावरच्या जन्मजात लाल डागांसाठी ही पद्धत फार उपयोगी ठरली.

पण पाय म्हणजे चेहरा नव्हे. पायाच्या शिरा जाड असतात, खोल असतात आणि त्यांच्या आकारात फार फरक असतो. रक्तवाहिनीचा व्यास दुप्पट झाला की ती थंड व्हायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणजे बारीक केशवाहिनीला जुळणारा झोत जाड शिरेला पुरत नाही, आणि जाड शिरेला पुरेल असा झोत कातडीला सोसेलच असे नाही.

दुसरी अडचण आपल्या कातडीची. तिच्यातले मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सावळ्या कातडीत शिरेपर्यंत पोचण्याआधीच बराचसा अडतो, आणि भाजते ती कातडी. म्हणून १०६४ नॅनोमीटरचे अवरक्त किरण वापरतात. ते खोल जातात, मेलॅनिन त्यांना कमी अडवते. पण हिमोग्लोबिनही त्यांना कमीच शोषते, म्हणून ऊर्जा वाढवावी लागते आणि वेदनाही वाढतात. उपचारानंतर काही जणांना जे तपकिरी डाग पडतात, त्यात झिरपलेल्या रक्तातले लोहही असते आणि दाहामुळे वाढलेले मेलॅनिनही. ते विरायला महिनेच्या महिने लागू शकतात. पत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती. छायाचित्रे मात्र गोऱ्या पायांची होती!

सर्वांत मोठी उणीव याहून मुळातली आहे. शीर का फुगते, हा प्रश्नच पत्रकाने विचारलेला नाही. आपण एक हिशेब करू. हृदयापासून घोट्यापर्यंत सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ धरा. रक्ताची घनता १.०६ आणि पाऱ्याची १३.६. म्हणजे स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या नीलेत सुमारे ९३ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालताना पोटरीचे स्नायू नीला पिळतात, रक्त वर जाते, झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि हा दाब खूप उतरतो. रेणुकामातेच्या गडाच्या पायऱ्या चढताना हा पंप चालू असतो. नवरात्रात दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहिले की तो जवळजवळ बंद असतो. फळ्यापुढेही तेच.

झडपा गळू लागल्या की दाब खालच्या बारीक शिरांवर येतो. प्रत्येक जाळ्यामागे अशी गळती असतेच असे नाही. पण जिथे ती आहे, तिथे वरवरची जाळी भाजून काढणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसणे. बाईंची डॉप्लर सोनोग्राफी नंतर दुसरीकडे झाली, तेव्हा मांडीतल्या मोठ्या नीलेच्या झडपा निकामी असल्याचे कळले. ही तपासणी पहिल्या झोताआधी व्हायला हवी होती.

पत्रकाने आणखी एक घोटाळा केला आहे. मोठी नीला आतून बंद करण्यासाठीही लेसर वापरतात. तिथे बारीक तंतू शिरेच्या आत सरकवतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून उष्णता देतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्ये गळक्या नीलांसाठी उष्णतेने आतून शीर बंद करण्याच्या पद्धतींना पहिली पसंती दिली. ही पद्धत वेगळी आणि कातडीवरून झोत मारणे वेगळे. एकाचे यश दुसऱ्याच्या नावावर खपवणे हा अप्रामाणिकपणा आहे. पायावरच्या बारीक जाळ्यासाठी तर औषधाची सुई शिरेत देऊन ती बंद करण्याची जुनी पद्धतच सहसा आधी वापरतात. डाग त्यानेही पडू शकतात, नव्या शिराही येऊ शकतात. 'कायमचे' हा शब्द इथे कोणालाच शोभत नाही.

आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांविषयी एवढेच सांगतो : पाय थोडा वेळ उंच ठेवला की शिरा लेसरशिवायही रिकाम्या होतात.

लेसर निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. निवडक बारीक शिरांवर, जाणत्या हातात त्याचा उपयोग होतो. आमचा आक्षेप अर्धवट सत्यावर आहे. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. झडपांची तपासणी झाली का? माझ्या रंगाच्या कातडीवर डागांची शक्यता किती? याहून साधा उपाय आहे का? पत्रक आणि पावत्याही जपून ठेवाव्यात. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

शिक्षकांना एक विनंती. विल्यम हार्वे याने १६२८ च्या ग्रंथात दाखवलेला प्रयोग वर्गात जरूर करावा. दंडाला फीत बेताची आवळा. हातावरच्या शिरा फुगतील, मध्ये गाठी दिसतील. त्या गाठी म्हणजे झडपा. एका बोटाने शीर खाली दाबून धरा, दुसऱ्या बोटाने रक्त वर, गाठीच्या पलीकडे सारा आणि ते वरचे बोट उचला. मधला भाग रिकामाच राहतो, रक्त मागे येत नाही. आता खालचे बोट उचला, शीर लगेच भरते. मिनिटभरात फीत सोडा.

बाईंनी हा प्रयोग त्यांच्या नववीच्या वर्गात केला. पत्रकही त्यांनी वर्गात फिरवले आणि त्यात काय लिहिलेले नाही ते मुलांना शोधायला सांगितले.