गोव्याचीं चर्चें व गिलाव्याचा प्रश्न

जुन्या गोव्यास जाऊन आलेल्या आमच्या अमरावती-अकोल्याच्या मंडळींकडून 'बॉम जेझूस' चर्चची स्तुति आम्ही नेहमीं ऐकतों. तिचा रोख बहुधा एकच असतो. आसपासचीं चर्चें चुन्यानें पांढरीं केलेलीं. हें मात्र उघड्या तांबड्या दगडाचें, म्हणून हेंच खरें प्राचीन, असा निर्णय ही मंडळी देऊन टाकतात. हा निर्णय निरुपद्रवी नाहीं. त्याच्या मागें जी अभिरुचि आहे, तिनें त्या इमारतीचें प्रत्यक्ष नुकसान केलें आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम या अभिरुचीचें मूळ पाहूं. वऱ्हाडांतील माणसाच्या डोळ्यांना वळण लावलें तें हेमाडपंती देवळांनीं. लोणारचें दैत्यसूदनाचें देऊळ घ्या किंवा बार्शीटाकळीचें देवीचें देऊळ घ्या. काळा, कठीण पाषाण नीट घडून एकावर एक बसविलेला, सांध्यांत चुना नाहीं आणि अंगावर गिलावा नाहीं. त्यामुळें उघडा दगड तो अस्सल आणि गिलावा म्हणजे दोष झांकण्याचें साधन, अशी आपली समजूत होऊन बसते. काळ्या पाषाणापुरती ती ठीक आहे. तीच मोजपट्टी कोंकण-गोव्याच्या जांभ्याला लावली कीं घोटाळा होतो.

जांभा हा सच्छिद्र दगड. खाणींतून काढतांना तो मऊ असतो, वारा लागल्यावर कठीण होतो. पण पाणी पिण्याचा स्वभाव कांहीं सोडीत नाहीं. गोव्यांत वर्षाकांठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखांत जांभ्याची उंच भिंत टिकवावयाची, तर तिला चुन्याचा गिलावा हवा आणि त्या गिलाव्याची वेळोवेळीं डागडुजी व सफेदी हवी. त्याला शृंगार समजणें चूक आहे. तें भिंतीचें कातडें आहे. 'बॉम जेझूस'चें काम १५९४ सालीं सुरू झालें व १६०५ सालीं त्याची धर्मविधीपूर्वक प्रतिष्ठा झाली. दर्शनी भागांतील स्तंभ व नक्षी यांसाठीं वसईकडचा काळा पाषाण मुद्दाम आणविण्यांत आला; भिंती जांभ्याच्या उभारून त्यांवर गिलावा देण्यांत आला. कोणता दगड उघडा ठेवावा व कोणता झांकावा, हा विवेक बांधणाऱ्यांना पुरेपूर होता. पावलु व्हारेला गोमिश यांनीं गोव्याच्या चर्चवास्तूंचा इतिहास लिहून २०११ सालीं प्रसिद्ध केला, त्याच्या नांवांतच पांढरी सफेदी आणि तांबडा दगड यांची जोडी आहे. या चर्चांना सरसकट पोर्तुगीज म्हणण्याची संवय त्या ग्रंथानें मोडूं पाहिली, ती योग्यच होय. आराखड्याचे संस्कार युरोपचे असले, तरी चुना, जांभा आणि तो हाताळण्याचें ज्ञान इथलेंच होतें.

मग आजचा तांबडा रंग आला कोठून? विसाव्या शतकाच्या मध्यास, गोवा पोर्तुगालच्या अमलाखालीं असतांना, बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविदाच्या देखरेखीखालीं बाहेरील गिलावा खरवडून काढण्यांत आला. इमारत अधिक जुनी व भारदस्त दिसावी, हा हेतु. म्हणजे प्रवासी ज्याला चारशें वर्षांचें रूप समजून हात जोडतो, तें शंभर वर्षांचेंहि नाहीं! उलट रस्त्यापलीकडचें पांढरें 'से' कॅथेड्रल १५६२ सालीं सुरू झालेलें, म्हणजे 'बॉम जेझूस'हून बत्तीस वर्षांनीं वडील. त्याच्याकडे मात्र 'नवें दिसतें' म्हणून पाठ फिरविली जाते.

येथें एक आक्षेप संभवतो. हा तांबडा चेहराहि आतां इतिहासाचाच भाग झाला. लोकांच्या स्मरणांत तोच आहे. पुन्हां गिलावा देणें ही दुसरी ढवळाढवळ नव्हे काय? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु स्मरणांतील चित्र राखावयाचें, तर आधीं भिंत राहिली पाहिजे. पावसाचें पाणी उघड्या जांभ्यांत मुरत असल्याचा इशारा २०२० सालीं त्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंनींच जाहीरपणें दिला. तेथें सेंट फ्रान्सिस झेव्हियरचें शरीर जपलेलें आहे, आणि चर्चमध्यें आजहि उपासना चालते.

निगा सुटली म्हणजे काय होतें, हें त्याच गांवीं सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांत दिसतें. १८३५ सालीं तें ओस पडलें, १८४२ सालीं त्याची कमान असलेली छत कोसळली आणि १९३१ सालीं मनोऱ्याचा मोठा भाग ढासळला. वसईच्या किल्ल्यांतील चर्चें छपराविना अजून उभीं आहेत. पण तेथें भिंतीला काळा पाषाण आहे. एकट्या दगडानेंच हा फरक पडला असें आम्ही म्हणत नाहीं; तथापि जांभ्याला निगेची गरज अधिक, एवढें त्यावरून खास ठरतें.

तेव्हां आमची शिफारस स्पष्ट आहे. तज्ज्ञांनीं तपासून, जुन्या रीतीच्या चुन्यानेंच, हें चर्च पुन्हां झांकावें. सिमेंटचा लेप जांभ्याला मानवत नाहीं. तो ओल आंतच कोंडतो. आणि वऱ्हाडांतून जाणाऱ्या रसिकांनीं लोणारची मोजपट्टी घरीं ठेवून जावें. प्रत्येक दगडाचा धर्म निराळा. तो ओळखून जें बांधलें, त्याचें मोलहि त्याच धर्मानें ठरविलें पाहिजे.